औषधाचा वाटाड्या

नागपूरचें नांव काढलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें संत्रीं येतात, उन्हाळा येतो, फार तर एम्प्रेस मिलचे भोंगे आणि झीरो माइलचा दगडी खांब येतो. कर्करोगाच्या औषधांच्या इतिहासांत या शहराचें एक लहानसें पान आहे, ही गोष्ट खुद्द नागपूरकरांपैकींही थोड्यांनाच ठाऊक असेल. तें पान १९९० सालचें. त्या वर्षीं 'जर्नल ऑफ कंट्रोल्ड रिलीज' या, औषध शरीरांत मोजून-मापून सोडण्याच्या शास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकाच्या बाराव्या खंडांत सात पृष्ठांचा एक निबंध छापला गेला. लेखक दोघे : विनोद लाभसेटवार आणि ए. के. डोर्ले. दोघांचाही पत्ता नागपूर विद्यापीठाच्या औषधिशास्त्र विभागाचा. निबंधाचा विषय कर्करोग नव्हता. हिवतापावर चालणारें प्रिमाक्विन आणि आंवेवर चालणारें मेट्रोनिडाझोल हीं दोन परिचित औषधें अतिसूक्ष्म कणांत बसवून शरीरांत कशीं पाठवितां येतील, याचा तो विचार होता. पण त्या कणांना तेथें जें नांव दिलेलें होतें तें पुढें साऱ्या जगाच्या तोंडीं झालें : नॅनोकण.

१९९० सालीं 'नॅनो' हा शब्द बाजारांत आलेला नव्हता. मोटारगाडीला, धुलाईच्या यंत्राला किंवा केसांच्या तेलाला तो चिकटविण्याची पद्धति नंतरची. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ खुजा माणूस. शास्त्रज्ञांनीं तो मापासाठीं घेतला : एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. रक्तांतली तांबडी पेशी सातआठ हजार नॅनोमीटर रुंद असते. औषध वाहून नेणारे कण शंभरापासून तीनशें नॅनोमीटरपर्यंतचे. एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर असे पंचवीस-तीस कण सहज ओळीनें मांडतां यावेत. एवढ्या लहान वाहनाची जरूर वैद्यकाला कां पडली, हें समजल्याशिवाय नागपूरच्या त्या निबंधाचें मोल कळत नाहीं.

जंतूंमुळें होणारे रोग आणि कर्करोग यांत एक मूलभूत फरक आहे. जंतु हा परका. त्याची घडण निराळी, त्याचीं रसायनें निराळीं. म्हणून त्याला मारणारें आणि माणसाला न मारणारें औषध शोधतां येतें. कर्करोगाची पेशी मात्र घरांतलीच असते. तिचा गुन्हा इतकाच कीं ती वाढीचा लगाम मानीत नाहीं. तेव्हां तिला मारावयाचें विष तिच्या वाढीवरच नेम धरतें, आणि शरीरांत जी जी पेशी झपाट्यानें वाढते तिला तें लागतें. केसांच्या मुळांना लागतें, आंतड्यांच्या अस्तराला लागतें, हाडांच्या पोकळींत रक्त तयार करणाऱ्या मगजाला लागतें. केस गळतात, उलट्या होतात, रक्तांतल्या पांढऱ्या पेशी घटून साधा ताप जिवावर बेततो. हीं सारीं लक्षणें रोगाचीं नव्हत, उपचाराचीं आहेत. ज्या घरांत हा रोग येऊन गेला त्या घराला हें वेगळें सांगावयास नको.

या औषधांचा जन्मच विषांतून झाला. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत, युद्धांत वापरावयाच्या विषारी वायूंचा अभ्यास चालू असतां, मस्टर्ड वायूच्या कुळांतील एक द्रव्य लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेल्या एका रोग्याला टोंचून पाहण्यांत आलें. गांठी विरल्या; कांहीं दिवसांनीं पुन्हां आल्या; रोगी वांचला नाहीं. युद्धाच्या गुप्ततेमुळें हें वृत्त १९४६ पर्यंत बाहेर पडूं शकलें नाहीं. १९४८ सालीं बोस्टनमध्यें सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या मुलांवर अमिनोप्टेरिनचा प्रयोग प्रसिद्ध केला. तें द्रव्य लेडर्ले कंपनीच्या ज्या प्रयोगशाळेंत तयार झालें तिचे सूत्रधार भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव होते. या मुलांनाही आराम पडला तो काहीं आठवडे, काहीं महिने. मात्रा वाढवावी तर मूल औषधानें जाणार, कमी करावी तर रोगानें जाणार, अशी ती कोंडी होती. आणि ती तेव्हांपासून आजपर्यंत पूर्णपणें सुटलेली नाहीं.

विदर्भांतल्या बागाईतदाराला ही अडचण चटकन् उमगेल. संत्र्याच्या एका झाडाला पाणी हवें म्हणून कोणी सारा मळा तुडुंब भिजवीत नाहीं. आळें करून, दांड काढून तें त्या बुंध्याशीं नेतात. शिरेंतून टोंचलेलें औषध मात्र सारा मळा भिजवितें. रोगाच्या गांठीपर्यंत त्यांतला अगदीं थोडा अंश पोचतो, उरलेलें भलतीकडेच जातें. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच 'जादूच्या गोळी'ची कल्पना मांडली होती : नेमक्या शत्रूलाच लागणारी, वाटेंत कोणालाही न इजा करणारी. कल्पना सुंदर होती. पण गोळीला दांड कोण काढून देणार?

पहिलें उत्तर अंड्याच्या बलकांतून आलें म्हटलें तरी चालेल. बलकांत लेसिथिन नांवाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. १९६० नंतरच्या दशकांत केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथें अ‍ॅलेक बँगहॅम हे असे पदार्थ पाण्यांत ढवळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होते. त्यांना दिसलें कीं पाण्यांत पडतांच या द्रव्याचे आपोआप बुडबुडे बनतात, आणि प्रत्येक बुडबुड्याचें कवच पेशीच्या कवचासारखें दुहेरी असतें. या बुडबुड्यांना पुढें लायपोसोम म्हणूं लागले. आंत पाणी, बाहेर स्निग्ध पडदा. मग आंत औषध कां घालूं नये? पुढच्या दशकांत लंडनमध्यें ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनीं तसें करून पाहिलें. दुसरी वाट स्वित्झर्लंडमध्यें निघाली. झुरिकचे पीटर स्पायझर आणि त्यांचे विद्यार्थी बुडबुड्यांऐवजीं भरीव कण करण्याच्या मागें लागले, आणि १९७९ मध्यें बेल्जियममध्यें पॅट्रिक कुव्रर यांनीं सायनोअ‍ॅक्रिलेटचे, शरीरांत विरघळणारे कण तयार केले. तुटलेली कपबशी क्षणांत चिकटविणारा जो गोंद घरोघर असतो तो याच कुळांतला.

या साऱ्या कणांना एक खोड होती. रक्तांत सोडले कीं ते यकृतांत आणि प्लीहेंत जाऊन बसत. या दोन अवयवांत भक्षक पेशींची चौकी असते. रक्तांतून वाहणारी धूळ, मेलेल्या पेशी, जंतु, जें जें परकें दिसेल तें त्या गिळून टाकतात. कणांनाही त्या असेंच गिळीत. गांठीकडे निघालेला वाटाड्या पहिल्याच नाक्यावर धरला जाई. युरोपांतले संशोधक या खोडीनें हैराण झाले होते.

नागपूरच्या निबंधाचें शहाणपण येथें दिसतें. प्रिमाक्विनचें काम कोठें असतें? हिवतापाच्या एका जातींत परोपजीवी प्राणी यकृताच्या पेशींत दडी मारून बसतो आणि महिन्यांनीं पुन्हां ताप आणतो; प्रिमाक्विन त्याला तेथें गांठतें. परंतु काहीं लोकांच्या रक्तांत जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते, आणि अशांच्या तांबड्या पेशी हें औषध फोडून टाकतें. मेट्रोनिडाझोल ज्या अमीबावर चालतें तोही आंतड्यांतून यकृतांत शिरून गळूं करतो. म्हणजे दोन्ही औषधांना यकृत हेंच जाण्याचें एक मुख्य ठिकाण, आणि नॅनोकण तर आपण होऊनच यकृतांत जातात! इतरांना जो दोष वाटत होता तो येथें गुण ठरूं शकत होता. हिवताप आणि आंव हे पॅरिस-झुरिकचे प्रश्न नव्हते. विदर्भाचे आणि त्यापलीकडच्या जंगल-मुलखाचे होते. आपल्या दाराशीं असलेला रोग आणि जगांत नुकतेंच निघालेलें शास्त्र यांची अशी गांठ घालणें हें विद्यापीठाचें खरें काम, आणि तें येथें झालें.

या विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. मँगनीजच्या खाणींतून मिळविलेला पैसा रावबहादूर लक्ष्मीनारायण यांनीं मृत्युपत्रानें त्याच्या हवालीं केला आणि त्यांतून १९४२ मध्यें लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेव्हां उपयोगी रसायनाची परंपरा या शहराला नवी नव्हती. २००५ पासून विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं मोझरीच्या गुरुकुंजांत निवर्तले ते कर्करोगानेंच. शहरांतील कर्करोग रुग्णालयालाही त्यांचेंच नांव आहे. ज्या विद्यापीठांतून नॅनोकणांचा अभ्यास सुरू झाला तें आणि जेथें या रोगाचे रोगी दाखल होतात तें रुग्णालय, दोन्ही एकाच नांवाचीं असावींत हा निव्वळ योगायोग खरा. पण खंजिरीवर गांवोगांवचा समाज जागा करणाऱ्या त्या आवाजालाही हा रोग सोडीत नाहीं ही आठवण त्यांत राहते.

नागपूरहून लाभसेटवार अमेरिकेला गेले. मिशिगन विद्यापीठांत रॉबर्ट लेव्ही यांच्याबरोबर त्यांचें काम सुरू झालें तें हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर. आंत फुगा फुगवून रुंद केलेली रोहिणी काहीं महिन्यांनीं पुन्हां अरुंद होते; तिच्या भिंतींत औषधाचे कण दाबून ठेवले तर तें टळेल काय, हा प्रश्न होता. १९९६ सालीं 'सर्क्युलेशन' या नियतकालिकांत या मंडळींचा जो निबंध आला त्यांत पी.एल.जी.ए. नांवाच्या द्रव्याचे कण वापरलेले होते. हें द्रव्य सामान्य वाचकाच्या ओळखीचें आहे, फक्त त्याला तें ठाऊक नसतें. शस्त्रक्रियेनंतर जे टांके काढावे लागत नाहींत, आपोआप विरतात, ते या द्रव्याचे. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक अशा दोन आम्लांचे दुवे जोडून ही सांखळी बनते. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारें आम्ल. शरीरांत पाण्याच्या संगतीनें सांखळी हळुहळू तुटते, आंतलें औषध थोडें थोडें सुटतें, आणि शेवटीं उरतात तीं आम्लें शरीर जाळून पाणी व कर्बवायु करून बाहेर टाकतें. वाटाड्या काम झाल्यावर मुक्कामाला राहत नाहीं, हा याचा मोठा गुण. सायनोअ‍ॅक्रिलेटपेक्षां हा पदार्थ शरीराला मानवण्याचा अनुभवही पुष्कळ वर्षांचा होता.

पुढें ओमाहा येथें नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत लाभसेटवारांनीं स्वतःची प्रयोगशाळा थाटली, आणि येथून या कथेला खरा रंग चढतो. तोंवर बहुतेक संशोधक कण गांठीपर्यंत कसा जाईल याचीच चिंता करीत होते. येथल्या मंडळींनीं प्रश्न पुढें ढकलला : कण पेशीच्या दाराशीं गेला, मग? आंत कसा जातो, आंत गेल्यावर कोठें जातो, किती वेळ राहतो? औषध जर पेशीच्या आंतल्या विशिष्ट जागीं काम करणार असेल तर दारापर्यंतचा प्रवास हा अर्धाच प्रवास होय.

पेशीला तोंड नसतें, पण ती गिळते. बाहेरच्या कणाभोंवतीं तिचें कवच आंत वळतें, त्याची एक पिशवी बनते आणि ती पिशवी आंत ओढली जाते. ही पिशवी पुढें ज्या पोकळींत रिती होते तिला पेशीचें जठरच म्हणावें : आंत आम्ल, आंत पाचक द्रव्यें. जें येथें सांपडलें तें पचून नाहींसें व्हावयाचें. औषध नाजूक असेल, विशेषतः तें जनुकाचा तुकडा असेल, तर त्याचा येथेंच निकाल लागतो. जयंत पन्यम आणि इतर सहकाऱ्यांसह लाभसेटवारांनीं २००२ सालीं 'फासेब जर्नल'मध्यें दाखविलें कीं पी.एल.जी.ए.चे कण या जठरांतून दहा मिनिटांच्या आंत निसटून पेशीच्या मुख्य द्रवांत येतात. कसे? बाहेर असतांना कणाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत् असते. जठराच्या आम्लांत ती पालटून धन होते. पिशवीची भिंत ऋण. मग कण तिला बिलगतो, भिंतीला तेथें भेग पडते आणि कैदी पसार होतो. शत्रूच्या तुरुंगांतली हवाच कैद्याच्या हातीं किल्ली देते, असा हा प्रकार आहे.

पण निसर्ग इतका सरळ असता तर कर्करोग केव्हांच हटला असता. दुसऱ्याच वर्षीं पन्यम आणि लाभसेटवार यांनीं उलट बाजू मोजली. रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींनीं गिळलेले कण, बाहेरचा पुरवठा बंद केल्याबरोबर, पेशी पुन्हां बाहेर टाकूं लागते. अर्ध्या तासांत सुमारें ६५ टक्के कण बाहेर गेलेले आढळले. पाहुणा उंबरठा ओलांडतो आणि बहुधा पाणी पिऊन परत फिरतो. उरलेल्या थोड्या कणांवरच सारी भिस्त. आपल्या आवडत्या साधनाची अशी उणीव आपणच मोजून छापणें यांत शास्त्राचें शील दिसतें. आणि पुढचा उपाय सुचला तोही या मोजणीमुळेंच.

उपाय लोहाचा होता. वाढणाऱ्या पेशीला लोह फार लागतें. रक्तांत ट्रान्सफेरिन नांवाचें एक प्रथिन लोहाची ने-आण करतें, आणि तें उतरून घेण्यासाठीं पेशींच्या अंगावर कड्या असतात. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींवर या कड्या नेहमींपेक्षां अधिक असतात. मग कणावरच ट्रान्सफेरिन बसविलें तर? पेशी त्याला लोहाचा गाडा समजून आंत घेईल, आणि हा आंत घेण्याचा मार्ग निराळा असल्यानें कदाचित् लौकर बाहेरही टाकणार नाहीं. संजीव साहू आणि लाभसेटवार यांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर हें करून पाहिलें, आणि औषध पेशींत अधिक काळ टिकतें असें त्यांचा २००५ चा निबंध सांगतो.

औषध कोणतें? पॅक्लिटॅक्सेल. याची हकीकत थोडी बाजूची आहे, पण सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीचे नमुने १९६२ सालीं गोळा झाले. त्यांतलें द्रव्य मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनीं वेगळें केलें आणि १९७१ मध्यें त्याची रचना जाहीर केली. १९९२ सालीं अमेरिकेंत तें औषध म्हणून मान्य झालें. पेशी दुभंगतांना आंत जे सूक्ष्म दोर तयार होतात त्यांना हें द्रव्य गोठवून टाकतें आणि पेशीचे दोन भाग होऊं देत नाहीं. परंतु तें पाण्यांत विरघळत नाहीं, आणि जें पाण्यांत विरघळत नाहीं तें शिरेंत कसें घालावें? तोड निघाली ती एरंडेलांतून. एरंडेल तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनविलेल्या क्रेमोफोर नांवाच्या चिकट द्रवांत आणि मद्यार्कांत तें मिसळूं लागले. आजीबाईच्या बटव्यांतील एरंडेलाचा हा नवा अवतार मात्र कांहीं गरीब नव्हता. कित्येक रोग्यांना त्यानें अंगावर गांधी उठत, श्वास कोंडे, रक्तदाब एकदम उतरे. रोगी मूळ विष सहन करील, पण विषाचें वाहन सहन होईना!

म्हणून क्रेमोफोरच्या जागीं नॅनोकण हा नुसता शास्त्रीय हौसेचा विषय राहिला नाहीं. साहू, मा आणि लाभसेटवार यांनीं २००४ मध्यें 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मानवी प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या गांठी ज्यांच्या अंगांत वाढविल्या होत्या अशा उंदरांना, शरीराच्या एका किलोग्रॅममागें २४ मिलिग्रॅम या हिशेबानें औषध एकदांच टोंचलें. ट्रान्सफेरिन लावलेले कण ज्यांना मिळाले त्यांच्या गांठी पूर्ण विरल्या. साधे कण किंवा क्रेमोफोरमधलें औषध ज्यांना मिळालें त्यांच्यापेक्षां हे उंदीर अधिक जगले. त्याच वर्षीं आणि त्याच प्रयोगशाळेंतून, पेशीच्या वाढीला लगाम घालणारें पी-५३ हें जनुक कणांत बसवून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत पोचविल्याचें वृत्तही आलें. आणि २००५ मध्यें लोहाच्या गंजासारख्या द्रव्याचा गाभा, त्यावर ओलेइक आम्लाचें कवच आणि कवचांत मुरलेलें औषध अशी चुंबकाला ओढली जाणारी कणांची जात टी. के. जैन यांच्यासह त्यांनीं पुढें आणली. त्यानंतरचें लाभसेटवारांचें कार्य क्लीव्हलंड क्लिनिकच्या लर्नर संशोधन संस्थेंत झालें.

उंदरांच्या प्रयोगाची एक गोष्ट मात्र झांकून ठेवतां येत नाहीं. त्यांत औषध थेट गांठींतच टोंचलें होतें. माणसाच्या पोटांत, फुप्फुसांत, मेंदूंत विखुरलेल्या रोगाला सुई कोठें कोठें टोंचणार? तेथें रक्ताचाच रस्ता धरावा लागतो, आणि रक्ताच्या रस्त्यावर यकृताचा नाका आहेच. तो चुकविण्याची एक युक्ति दुसरीकडे सांपडली होती. लायपोसोमच्या अंगावर पी.ई.जी. नांवाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या धाग्यांची लव बसविली कीं भक्षक पेशींना तो लौकर ओळखूं येत नाहीं आणि कण दिवसेंदिवस रक्तांत हिंडत राहतो. जपानांतील कुमामोतो येथें मात्सुमुरा आणि माएदा यांनीं १९८६ मध्यें दाखविलें होतें कीं घाईघाईनें वाढलेल्या गांठीच्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात; हिंडणारे कण त्या भोंकांतून गळून गांठींत सांचतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या, आणि जेरुसलेमचे बारेनहोल्झ व गॅबिझोन यांच्या कामांतून १९९५ सालीं डॉक्सिल हें पहिलें नॅनो-औषध अमेरिकेंत मान्य झालें. त्यांतलें लाल रंगाचें डॉक्सोरुबिसिन हृदयाला फार घातक. लायपोसोमांत कोंडल्यावर हृदयाचा धोका उतरला. पण तळहात-तळपाय सोलवटण्याचा नवा त्रास निघाला. २००५ मध्यें पॅक्लिटॅक्सेलला एरंडेलाच्या जाचांतून सोडविणारें, रक्तांतल्याच अल्ब्युमिन प्रथिनाच्या कणांत बसविलेलें अ‍ॅब्रॅक्सेन आलें.

महाराष्ट्र यांत केवळ प्रेक्षक नव्हता. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें आणि वसंत रामजी खानोलकर यांनीं तेथें रोगनिदानशास्त्राचा पाया घातला. १९५२ मध्यें निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पुण्याच्या कमल रणदिवे यांनीं पेशी कांचेंत जिवंत वाढविण्याची देशांतली पहिली प्रयोगशाळा उभारली. वर ज्या ज्या पेशींवरील प्रयोगांचा उल्लेख आला ते सारे अशाच कांचेंतल्या पेशींवरचे; ही विद्या देशांत रुजली नसती तर पुढचें काहींच येथें करतां आलें नसतें. परळच्या के.ई.एम. रुग्णालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनीं दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर अँफोटेरिसिन हें बुरशीवरचें, मूत्रपिंडाला जाचणारें औषध लायपोसोमांत बसवून रोग्यांपर्यंत नेलें. तें कर्करोगाचें औषध नव्हे. पण कर्करोगाच्या उपचारानें ज्यांचें रक्त दुबळें झालें त्यांनाच अशा बुरशीचा घाला अनेकदां सोसावा लागतो. आणि २०१२ सालीं तर उलटी गंगा वाहिली. अमेरिकेंत डॉक्सिलचें उत्पादन अडखळून रोग्यांची उपासमार होऊं लागली, तेव्हां तेथल्या औषध-प्रशासनानें मुंबईच्या सन फार्मा कंपनीचें लिपोडॉक्स आणूं दिलें, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत तिच्या औषधाला डॉक्सिलचा पर्याय म्हणून रीतसर मान्यता दिली.

इतकें झाल्यावर वाटावें कीं जादूची गोळी हातीं आली. २०१६ सालीं टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या मंडळींनीं मागील दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला : टोंचलेल्या नॅनोकणांपैकीं गांठींत किती पोचतात? मध्यम आंकडा निघाला ०.७ टक्के. शंभर वाटाड्यांतला एकही पुरता नाहीं! साऱ्या क्षेत्रांत या आंकड्यानें खळबळ उडाली. कोणी म्हणाले हिशेबाची रीतच चुकीची. कोणी म्हणाले उंदराच्या महिन्याभरांत फुगलेल्या गांठीवरून माणसाच्या वर्षानुवर्षें वाढलेल्या गांठीचा अंदाज बांधणेंच चूक. वाद मिटलेला नाहीं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण आंकडा मांडणाऱ्यांचें पारडें जड दिसतें. कारण मान्य झालेल्या नॅनो-औषधांनीं रोग्याचा त्रास जितका कमी केला तितकें आयुष्य वाढविलेलें नाहीं. त्रास कमी होणें ही मात्र हलकी गोष्ट नव्हे. ज्यानें तो सोसला आहे त्याला विचारावें.

शंभर नॅनोमीटरच्या वाटाड्याला मोठें यश मिळालें तें दुसऱ्याच दारीं. २०२० च्या अखेरीस करोनाच्या सांथींत ज्या आर.एन.ए. लसी निघाल्या त्या स्निग्ध द्रव्याच्या नॅनोकणांत भरलेल्या होत्या. हे कण पेशीच्या जठरांत, आम्लाच्या स्पर्शानें, धन विद्युत् धारण करतात आणि भिंत फोडून बाहेर पडतात. द्रव्य निराळें, घडण निराळी. पण आम्लांत विद्युत् पालटून तुरुंग फोडण्याची ओमाहाच्या प्रयोगशाळेंत २००२ सालीं पाहिलेली तीच चाल. अशाच कणांतून कर्करोगावरील लसी देण्याचे प्रयोगही चालू झाले आहेत.

नागपुरांत काय, मुंबईंत काय, बहुसंख्य रोग्यांना पॅक्लिटॅक्सेल मिळतें तें अद्याप जुन्या एरंडेली वाहनांतूनच, कारण तें स्वस्त आहे. सलाइनची बाटली टांगण्यापूर्वीं परिचारिका शिरेंतून स्टिरॉइड आणि पित्तावरचें औषध देते, अर्धा-एक तास जाऊं देते, आणि मग थेंब सुरू करून पहिलीं काहीं मिनिटें रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहते.